घरचाच जंतू

रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरीणबाई माझ्या खाटेशी आल्या, तेव्हा माझ्या एका हाताला सलाईन होतं, लघवीच्या जागी नळी होती आणि खाटेच्या दांडीला पिशवी लटकत होती. पिशवीतलं पाणी कोऱ्या चहासारखं दिसत होतं. तिसरा दिवस होता. त्या म्हणाल्या, "जंतू सापडला. ई. कोलाय."

मी विचारलं, हा आला कुठून? मला वाटलं, त्या माझ्या कंपनीच्या कॅन्टीनचं पाणी म्हणतील, नाहीतर रस्त्यावरची भेळ म्हणतील. कोणावर तरी खापर फोडता येईल.

"तुमच्याच आतड्यातून," त्या म्हणाल्या. "तुम्ही जन्मलात त्यानंतर दोन-चार दिवसांत तो तुमच्या पोटात राहायला आला. बहुतेक तुमच्या आईकडूनच. तेव्हापासून तिथंच आहे."

मला त्यांचा राग आला. दोन दिवस मी थंडीने खाट हलवत होते, पाठीत सुरी फिरवल्यासारखं दुखत होतं, आणि या बाई शांतपणे मला सांगत होत्या की हे माझंच आहे. मी तोंड फिरवून घेतलं.

माझं नाव मनीषा. कर्जतला दहिवलीत राहते. नवरा टेंपो चालवतो, मुलगी तिसरीत आहे. हे मी लिहितेय ते माझ्यासारख्या बायकांसाठी. कंपनीत उभ्याने काम करणाऱ्या, दुकानात, बसमध्ये, बाजारात दिवसभर असणाऱ्या आणि लघवी दाबून धरणाऱ्या. गोड शब्दांत लिहायला मला जमणार नाही. हा आजार झाल्यापासून माझ्यात गोडवा कमीच उरलाय.

मला झालं होतं त्याला पायलोनेफ्रायटिस म्हणतात, म्हणजे मूत्रपिंडाला झालेला जंतुसंसर्ग. तिथून जंतू रक्तात गेले, त्याला सेप्सिस म्हणतात. सेप्सिसमध्ये रक्तदाब उतरतो, अंग आतून हरायला लागतं. माझा वरचा आकडा ऐंशीवर आला होता. डॉक्टरीणबाईंनी माझ्या नवऱ्याला बाहेर बोलावून सांगितलं होतं की अजून एक दिवस घरी काढला असता तर बोलण्यासारखं काही राहिलं नसतं. हे मला त्याने नंतर सांगितलं.

आता सुरुवातीपासून सांगते.

खालापूर तालुक्यात एक औषधांची कंपनी आहे. तिथं मी सिरपच्या बाटल्यांच्या पॅकिंगला होते. ती नोकरी मला माझ्या नणंदेने लावली. लताताई नवऱ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठ्या. त्यांचे यजमान लवकर गेले, तेव्हापासून त्या आमच्याकडेच आहेत. सासरे गेल्यावर त्यांच्याच पगारावर घर चाललं, माझ्या नवऱ्याचं लग्नही त्यांनीच लावलं. त्यामुळे घरात त्यांचा शब्द शेवटचा असायचा. आणि कंपनीत त्या माझ्या लाईनच्या सुपरवायझर होत्या. सकाळी आम्ही दोघी एकाच बसने जायचो. घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत मी त्यांच्या नजरेखाली.

पॅकिंगच्या हॉलला क्लीन एरिया म्हणायचे. आत जायचं तर गाऊन, टोपी, मास्क, हातमोजे, पायात वेगळे बूट. लघवीला जायचं तर हे सगळं उतरवायचं, आणि परत येताना हात धुऊन पुन्हा चढवायचं. दहा-बारा मिनिटं जायची. बाटल्यांचा फिरता पट्टा थांबत नाही, म्हणून शेजारणीला दोन माणसांचं काम करावं लागायचं. नियम असा होता की जेवणाच्या सुट्टीखेरीज एकदाच जायचं. कोण कधी गेली, कधी आली, ते लताताई वहीत लिहायच्या.

मी काय करायला लागले, तर पाणीच प्यायचं सोडलं. सकाळी चहा, जेवताना अर्धा ग्लास, संपलं. सगळ्याच बायका हे करायच्या. आम्हाला त्यात काही विशेष वाटायचं नाही.

पहिल्यांदा जळजळ झाली ती दिवाळीच्या आधी. लघवीला गेलं की थेंब-थेंब यायची, वाटायचं काचेची पूड उतरतेय. पाच मिनिटांनी पुन्हा जावंसं वाटायचं. लताताईंना सांगितलं. त्यांनी पर्समधून एक अर्धवट वापरलेली पट्टी काढली आणि दोन गोळ्या तोडून दिल्या. "ही घे. उद्या बरं वाटेल. डॉक्टर पण हीच देतो." दुसऱ्या दिवशी खरंच बरं वाटलं. मी त्यांची आभारी होते.

संक्रांतीच्या सुमारास पुन्हा झालं. पुन्हा दोन गोळ्या. होळीच्या आसपास तिसऱ्यांदा झालं, तेव्हा गोळी लागू पडली नाही. नाक्यावरच्या दवाखान्यात गेले. तिथं तपासणी न करता दुसरी गोळी मिळाली. तीन दिवस ठीक, चौथ्या दिवशी पुन्हा जळजळ. मग उजव्या कुशीत, बरगडीच्या खाली मागच्या बाजूला, दुखायला लागलं. मला वाटलं उभं राहून पाठ धरली. बायकांनो, हे लक्षात ठेवा. जळजळीसोबत कुशीत दुखलं, ताप आला, थंडी वाजली, तर ते पाठ धरणं नव्हे. मला कोणी हे सांगितलं नव्हतं.

मला हॉस्पिटलात नेलं त्या दिवशी सकाळपासून अंगात कणकण होती. पट्ट्यावर उभी असताना मी लताताईंना दोनदा विचारलं, जाऊ का. एकदा जाऊन आले होते. त्या म्हणाल्या, थोडी कळ काढ, जेवणाची सुट्टी होईलच. त्यांच्या मागे मॅनेजर उभा होता हे मी पाहिलं होतं. तरी ते वाक्य मी विसरले नाही.

संध्याकाळी बसमध्ये मला अशी हुडहुडी भरली की दात वाजायला लागले. मग ओकारी झाली. शेजारी रुबिना बसली होती. ती मूळची खालापूरची, आमच्याच लाईनवर, फारशी बोलणारी नाही. तिने माझ्या कपाळाला हात लावला आणि उठून ड्रायव्हरपाशी गेली. बस थेट हॉस्पिटलला न्यायची, नाहीतर ती स्वतः बससमोर रस्त्यावर आडवी होईल, असं तिने त्याला सांगितलं. लताताई म्हणत होत्या की घरी जाऊ, सकाळी बघू. रुबिना ड्रायव्हरकडेच बघत राहिली. बस वळली.

हॉस्पिटलमधला पहिला दिवस मला तुकड्या-तुकड्यांत आठवतो. रक्त काढलं, लघवी तपासायला घेतली, सोनोग्राफी केली. उजवं मूत्रपिंड सुजलेलं होतं. क्रिएटिनिन नावाची रक्ताची तपासणी असते, मूत्रपिंड किती काम करतंय ते तिच्यावरून कळतं. माझा आकडा वाढलेला होता. युरिन कल्चर लावलं. म्हणजे लघवीतले जंतू काचेच्या ताटलीत वाढवायचे, ओळखायचे आणि कुठल्या औषधाने मरतात ते बघायचं. त्याला दोन-तीन दिवस लागतात. मी विचार करत होते की ही तपासणी दिवाळीत झाली असती तर.

रिपोर्टमध्ये औषधांची यादी होती आणि प्रत्येकापुढे एस किंवा आर. एस म्हणजे जंतू या औषधाने मरतो. आर म्हणजे मरत नाही. माझ्या कागदावर वरपासून खालपर्यंत आर, आर, आर. तळाशी तीन-चार एस, आणि तीही सगळी शिरेतून द्यायची इंजेक्शनं. मी खाल्लेल्या दोन्ही गोळ्यांपुढे आर होतं.

डॉक्टरीणबाई रोज दुपारी पाच-दहा मिनिटं खाटेशी थांबायच्या. मी चिडून प्रश्न विचारायचे आणि त्या न चिडता उत्तर द्यायच्या. त्यांच्याकडून मला जे कळलं ते मी माझ्या शब्दांत सांगते.

हा जंतू आतड्यात असतो तेव्हा कामाचा असतो. आतड्यात जो थोडाफार ऑक्सिजन येतो तो हा संपवतो, म्हणून ज्या जंतूंना ऑक्सिजन सोसत नाही आणि जे आपलं अन्न पचवायला मदत करतात, ते तिथं जगू शकतात. आपल्याला लागणारं के जीवनसत्त्वही तो थोडं बनवतो. कोट्यवधी माणसांच्या पोटात तो आहे आणि कोणाला पत्ता नाही.

पण बायकांच्या शरीरात शौचाची जागा आणि लघवीची जागा जवळजवळ आहेत, आणि लघवीची नळी छोटी आहे. जंतू तिथून वर मूत्राशयात शिरतो. त्याच्या अंगावर बारीक केसांसारखे तंतू असतात, त्यांना फिंब्रिया म्हणतात. तंतूच्या टोकाला एक पकड असते, ती मूत्राशयाच्या आतल्या पेशींना चिकटते. त्याला शेपटासारखे धागेही असतात. ते मळसूत्रासारखे फिरवत तो पोहतो, म्हणून मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो. आणि सगळं त्याच्या मनासारखं असेल तर तो वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. चाळीस मिनिटांत चार. तासाला आठ.

"मग शरीर काय करतं?" मी विचारलं.

"धुऊन काढतं," त्या म्हणाल्या. "लघवी हाच तुमचा पहिला उपाय. भरपूर पाणी प्यायचं आणि लागली की जायचं. धार त्यांना बाहेर ढकलते. तुम्ही दाबून धरता तेव्हा त्यांना वेळ देता."

मी मनात मोजलं. सकाळी नऊ ते दुपारी एक. चार तास. वीस मिनिटांच्या बारा पाळ्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की शरीरात तो नेहमी एवढ्या वेगाने वाढत नाही. तरी मी मोजत राहिले. दिवाळीपासूनच्या सगळ्या दिवसांचा हिशोब करायला गेले आणि मला रडू आलं. ते रागाचं रडू होतं. हातातली सुई निसटेल म्हणून नर्स ओरडली.

गोळ्यांचंही कळलं. दोन गोळ्यांनी दुबळे जंतू मेले, दांडगे राहिले. शिवाय या जंतूंकडे प्लास्मिड नावाची डीएनएची बारीक कडी असते. औषधाला दाद न देण्याची युक्ती तिच्यावर असते, आणि ती कडी एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो, वेगळ्या जातीच्या जंतूलासुद्धा. एका घरात राहणाऱ्या माणसांच्या आतड्यांत बऱ्याचदा तेच जंतू फिरत असतात.

म्हणजे माझ्या नणंदेचा जंतू माझ्याकडे आला का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "असू शकतं. उलटंही असू शकतं. मला सिद्ध करता येणार नाही."

मला सिद्ध करायची गरज नव्हती.

पाचव्या दिवशी ताप उतरला. नळी काढली. त्याच दुपारी लताताई डबा घेऊन आल्या. नवरा मुलीला आणायला शाळेत गेला होता. त्यांनी डबा उघडला, मऊ भात वाढला. मी ताट सरकवलं.

मी सगळं बोलले. वहीचं, गोळ्यांचं, कळ काढ म्हणाल्याचं, बसमध्ये घरी जाऊ म्हणाल्याचं. मी त्यांना म्हणाले की तुमच्या नोकरीपायी मी मेले असते आणि तुम्ही माझ्या मुलीला सांगितलं असतं की तिची आई आजारी होती. इतकी वर्षं ज्यांच्यापुढे मान वर केली नव्हती त्यांना मी हे सगळं बोलले. शेजारच्या खाटेवरची बाई ऐकत होती, तिची मला पर्वा नव्हती.

लताताईंनी ताट उचललं, भात परत डब्यात ओतला. मग डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "तुला एकटीलाच होतंय काय गं? मला सहा वर्षं हाय हे. त्या गोळ्या माझ्याच व्हत्या. मी कुणाला सांगितलं नाय."

मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मी म्हणाले, सहा वर्षं माहीत होतं तरी तुम्ही आम्हाला मोजत बसलात. त्या उठून गेल्या. डबा तिथंच राहिला.

मला दहा दिवस शिरेतून इंजेक्शनं मिळाली. शेवटचे चार दिवस घरी राहून रोज दवाखान्यात जाऊन घेतली. हात सुयांनी निळे पडले होते. घरात लताताई आणि मी एकमेकींशी बोलत नव्हतो. काही सांगायचं असलं तर त्या माझ्या मुलीला मध्ये घालायच्या, "आईला सांग गं, पाणी उकळून ठेवलंय." मुलगी तीन पावलांवर उभ्या असलेल्या मला येऊन सांगायची. नवऱ्याने एकदा दोघींना समजवायचा प्रयत्न केला. मी त्याला विचारलं की तू सहा वर्षांत बहिणीला कधी विचारलंस का तिला काय होतंय. तो टेंपो काढून निघून गेला.

पुन्हा कल्चर केलं तेव्हा रिपोर्टवर 'नो ग्रोथ' आलं, म्हणजे लघवीत जंतू वाढले नाहीत. क्रिएटिनिन खाली आलं. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, आता तो गेला ना? त्या म्हणाल्या, "मूत्रमार्गातून गेला. आतड्यात आहे, आणि राहणार. तिथून त्याला हाकलायच्या मागे लागू नका." औषधांना दाद न देणाराही तिथं काही महिने टिकू शकतो, म्हणून पुन्हा त्रास झाला तर हा कागद दाखवल्याशिवाय कोणाकडून गोळी घ्यायची नाही. तो कागद मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये ठेवते. तुम्हीही तुमचा ठेवा.

डॉक्टरीणबाईंचं पत्र घेऊन मी कंपनीत गेले. दर दोन-तीन तासांनी जाऊ द्यावं, असं त्यात होतं. मॅनेजरने ते वाचलं आणि म्हणाला, ठीक आहे, तुम्हाला मुभा देतो. मी विचारलं, बाकीच्यांना? तो म्हणाला, त्यांची पत्रं आली की बघू.

जेवणाच्या सुट्टीत मी बायकांना सगळं सांगितलं. तंतू, पकड, वीस मिनिटं. दोघी-तिघी हसल्या. एकीने पदर तोंडाला लावला. सकाळी एकदा जाऊन आलेल्या रुबिनाने सुट्टी संपल्यावर तासाभराने हातमोजे काढले आणि ती सरळ बाहेर निघाली. तिच्यामागून आणखी दोघी. मॅनेजरने लताताईंकडे बघितलं. त्यांनी वहीत लिहिलं. त्या दिवशी त्यांनी लिहिलंच, मी खोटं सांगणार नाही.

महिना संपला तेव्हा, ज्याच्यामार्फत आम्ही बायका कामावर होतो त्या ठेकेदाराने मला सांगितलं की पुढच्या महिन्यापासून यायची गरज नाही. रुबिनाला ठेवलं. नियम मात्र थोडा सैल झाला, आता दोनदा जाता येतं. दोनदा म्हणजे काही उपकार नाहीत. मी आता भिसेगावात एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. पैसे कमी मिळतात. संडास मागच्या दारातच आहे आणि मी कोणाला विचारत नाही.

हा आजार माणसाला शांत करतो, देवाच्या जवळ नेतो, असं हॉस्पिटलात बरेच जण म्हणायचे. माझं तसं झालं नाही. मी चिडकी झालेय. पण पूर्वी माझी चीड मुलीवर निघायची, भांड्यांवर निघायची. आता कुणावर चिडायचं ते कळतं. आभार मानायचे तर मी रुबिनाचे मानते आणि त्या डॉक्टरीणबाईंचे, ज्यांनी मला अडाणी न समजता उत्तरं दिली.

पावसाळा संपता संपता एका सकाळी लताताई कामावर गेल्या नाहीत. ओट्याशी कंबर धरून उभ्या होत्या. मी विचारलं, ताप हाय का? त्यांनी मानेनेच हो म्हटलं. मी पर्स उचलली आणि रिक्षा बोलावली. रिक्षा थेट हॉस्पिटलला नेली. डॉक्टरीणबाईंनी कल्चर लावलं आणि सोनोग्राफी लिहून दिली.

सोनोग्राफीला मूत्राशय भरलेलं लागतं. तिथल्या माणसाने त्यांना एक लिटर पाणी प्यायला लावलं आणि म्हणाला, लघवी दाबून धरा. त्या बाकावर तासभर ताठ बसून राहिल्या. बाकीच्या बायका चुळबुळत होत्या, एक तर रडकुंडीला आली होती. लताताई म्हणाल्या, "हे मला जमतं."

मी विचारलं नव्हतं, तरी त्या पुढे म्हणाल्या, "माझ्या आधी जी सुपरवायझर व्हती, ती आत जाऊ देत नव्हती. मी एकदा पट्ट्यावरच उभी असताना ओली झाले. वरून गाऊन व्हता म्हणून कळलं नाय कुणाला." मग म्हणाल्या, "तुझा राग अजून हाय ना?"

"हाय," मी म्हणाले.

"बरं."

त्यांचं डावं मूत्रपिंड आकसलेलं निघालं. मला ते पडद्यावरच्या करड्या ठिपक्यांत कळलं नाही, त्या माणसाने तसं सांगितलं. लताताईंना त्याने हे असं सांगितलं की जणू भिंतीला ओल आलीय. मग म्हणाला, आता लघवी करून या, आत किती राहते ते पुन्हा बघायचंय. त्या खाली उतरल्या. तपासणीसाठी पोटावर लावलेलं चिकट जेल पुसायला त्याने कागद दिला नाही, त्यांनी पदरानेच पुसलं आणि संडासात गेल्या.

मी दारापाशी उभी राहिले. आतून बराच वेळ काही आवाज आला नाही. इतकी वर्षं धरून ठेवणाऱ्या बाईला सोड म्हटलं की लगेच सोडता येत नसावं. मग थोडा आवाज आला, थांबला, पुन्हा आला.

तो माणूस बाहेर आला. बाहेर अजून चार जणी बसल्या होत्या. त्याने दारावर दोनदा टकटक केलं आणि म्हणाला, "झालं का मावशी? चला लवकर."

मी त्याच्या आणि दाराच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"वेळ लागंल," मी म्हणाले. "थांबा तुमी."